उलट्या-जुलाबांमधली आडवी रेघ

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. मलाही पटायला दोन-तीनदा सांगावं लागलं, आणि सांगणारा मीच होतो.

एक विद्यापीठ. त्यात सार्वजनिक आरोग्य आणि जीवशास्त्र यांचा एकत्र विभाग. साथी कशा येतात, कशा जातात, कुणी हात न धुतल्यामुळे किती मरतात, हे सगळं तिथे शिकवतात. त्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. जगभर मानानं बोलावली जाणारी ही मंडळी, आणि भर दुपारी त्यांच्यातली निम्मी विभागामागच्या हिरवळीवर ओणवी होऊन ओकत होती. एक जण नळाच्या कुंडीत, एक जण आदल्या वर्षीच्या पारितोषिकाच्या चषकात. हसू नका. त्यातला एक मेला.

मेले ते थोरले सर. निवृत्त विभागप्रमुख. त्यांच्या एका शब्दावर इतके प्राध्यापक झाले होते, की म्हणे ते शिंकले तरी कुठेतरी कुणाला तरी बढती मिळायची. नवी संशोधन संस्था उभी राहत होती आणि तिचा संचालक कोण, हे त्या दुपारी सर जाहीर करणार होते. सापडले ते वरच्या मजल्यावरच्या बोळात, टोकाच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या बंद दारापाशी. अंगावर घालायला चादर मिळेना, म्हणून कुणीतरी मेळाव्याचा कापडी फलक काढून आणला. ‘हार्दिक स्वागत’ ही अक्षरं नेमकी पोटावर आली.

हिरवळीवर दोन उलट्यांच्या मध्ये चर्चा सुरू झाली होती, शोकसभेचा अध्यक्ष कोण.

शहराच्या आरोग्य खात्यातली ताई त्या वेळी एका हॉटेलाच्या टाकीत डोकं घालून पाण्याचा वास घेत होती. खात्यात तिला जुलाबताई म्हणत. शहरात कुणाचं पोट बिघडलं तर त्याच्या बायकोच्या आधी हिला कळतं, अशी ख्याती. टाकीतच तिचा फोन वाजला. धाकटी बहीण होती.

“ताई, सर गेले. माझं कस्टर्ड खाऊन.”

ही धाकटी त्याच विभागात शिकवायची. हंगामी. दर वर्षी नवं पत्र, दर वर्षी तेवढाच पगार. इतकी वर्षं हंगामी, की तिच्या हाताखाली शिकलेली पोरं कायम होऊन आता तिच्या रजेच्या अर्जावर सह्या करत होती. पुढच्या आठवड्यात कायमच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. या खेपेला नाही, तर वयाच्या अटीमुळे पुन्हा कधीच नाही. मेळाव्यात आपलं नाव चार लोकांच्या तोंडी यावं म्हणून तिनं घरून मोठं पातेलंभर फळांचं कस्टर्ड करून आणलं होतं. नाव तर आलंच.

ताई पोचली तेव्हा कुलसचिवांचा तपास आटोपलेला होता. कस्टर्ड नासकं होतं, करणारी निष्काळजी होती, आणि थोरल्या सरांचं हृदय सगळ्या जगाला ठाऊक होतं तसं नाजूक होतं. तरुण माणूस ओकून उठतो, म्हातारा उठत नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलंही होतं: उलट्या-जुलाब.

ताईनं इन्स्पेक्टरला आधीच सांगितलं, की ती माझी सख्खी बहीण आहे, दुसरं कुणीतरी बघा. इन्स्पेक्टर म्हणाला, बाई, लोकांना शौचाबद्दल विचारायला अख्ख्या शहरात दुसरं कुणी तयार नाही. मी शेजारी बसतो, तुम्ही विचारा.

ताई बोळात गेली. फलकाचा कोपरा वर करून तिनं सरांचा चेहरा पाहिला. ती याच विभागातून शिकून गेली होती. तोंडी परीक्षेत सर तिला भर सभेत म्हणाले होते, तू गटारं मोज, तुझी बुद्धी तेवढ्याच खोलीची आहे. सगळे हसले होते, आणि सर्वांत मोठ्यानं हसणारे तिघं आज इथेच होते. गंमत अशी, की गेल्याच आठवड्यात सरांनी इतक्या वर्षांनी तिला फोन केला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही. वसतिगृहाची ती गाजलेली साथ तुझ्या खात्याला त्या वेळी कळली होती का, एवढंच विचारलं. तिनं खात्यातल्या जुन्या लोकांना विचारून कळवलं, की तशी साथ कुणाला आठवत नाही. सरांनी फोन ठेवून दिला. आभार मानायची सरांना सवय नव्हती.

तिनं फलक पुन्हा नीट घातला आणि खाली उतरली.

आता त्या तिघांबद्दल. पहिला किडेवाला. डासांवर त्यानं इतकं संशोधन केलं होतं, की म्हणे डास त्याला चावायच्या आधी ओळख दाखवायचे. दुसरा परदेशी. तिकडच्या मोठ्या विद्यापीठात जीवशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं ओळखपत्र पदव्यांमुळे तीनदा दुमडावं लागे. तिसरे तक्तेसर. ते इथेच राहिले, साथरोगशास्त्र शिकवता शिकवता विभागप्रमुख झाले. प्रेमपत्रसुद्धा रकाने पाडून लिहिलं असतं, असा माणूस. वसतिगृहाच्या त्या साथीवरचा निबंध परदेशी आणि तक्तेसर यांनी जोडीनं लिहिला होता. तक्तेसरांनी आजारी पोरांना प्रश्न विचारले, नमुने गोळा केले. परदेशीनं ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या एका निबंधावर दोघांचं आयुष्य उभं होतं. तो अजून वर्गात शिकवतात. ताईलाही पाठ होता. प्रत्येक रोग्याला उलट्या, प्रत्येक रोग्याला जुलाब, एकही अपवाद नाही.

आणि जेवणाआधी थोरले सर ध्वनिक्षेपकावर काय म्हणाले होते, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. संचालकाचं नाव सांगायच्या आधी, म्हणाले, मी एका गाजलेल्या साथीची अंत्ययात्रा काढणार आहे. सगळे हसले आणि परदेशीकडे वळून पाहू लागले. सर भर सभेत कुणाची तरी चामडी सोलणार, हे ठरलेलंच असे. आपली नसली म्हणजे जेवण गोड लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाच्या दवाखान्यात ताईनं एकेकाला गाठलं.

आता हिची एक खोड सांगतो. आपण उलट्या-जुलाब असं एका दमात म्हणतो. मध्ये आडवी रेघ, दोन्ही शब्द हातात हात घालून चाललेले. एकच झालेलं असलं तरी माणूस दोन्ही सांगतो, डॉक्टर दोन्ही लिहितो. ताई ती रेघ पुसायची. तिच्या खात्यात या खोडीला सगळे हसायचे.

किडेवाला सलाईन लावून पडला होता. शेजारी त्याची बायको संत्रं सोलत होती, आणि त्याला देत नव्हती.

“काय झालं?” ताईनं विचारलं.

“उलट्या-जुलाब.”

“उलट्या किती?”

“मोजल्या नाहीत गं. आतडं बाहेर येतंय असं वाटलं.”

“आणि जुलाब?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. “जुलाब तसे नाही झाले.”

“तसे म्हणजे कसे?”

“म्हणजे झालेच नाहीत. पण याला उलट्या-जुलाबच म्हणतात ना?”

“कस्टर्ड खाल्लं?”

“छे. मला साखर बंद आहे.”

ताईनं मान वर केली. न खाता आजारी पडलेला हा पहिलाच. मग बायको बोलली. शांतपणे म्हणाली, की यांचा सदरा मी काल धुतला, खिशापर्यंत पिवळा होता, आणि हे जर खोटं बोलत असतील तर ती सुई काढून घ्या, जाऊ देत सरांच्या मागे. किडेवाल्यानं दोन वाट्या कबूल केल्या.

बाकीच्यांचंही तेच. आधी सगळे उलट्या-जुलाब म्हणाले, मग रेघ पुसली की नुसत्या उलट्या उरल्या. कुणाला वेळ आठवेना, कुणाला जागा आठवेना. एका बाईंना फक्त गवत आठवत होतं, फार जवळून. पण एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात होती. कस्टर्डनंतर स्वागताचं भाषण सुरू झालं, आणि ते संपायच्या आत सगळे उठून पळाले. ज्यांनी खाल्लं ते सगळे. ज्यांनी नाही खाल्लं त्यांच्यातलं एकही नाही.

तक्तेसर शेवटच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, चादर सरळ.

“ये, जुलाबताई. लिहून घे,” ते म्हणाले. “एक वाटी कस्टर्ड. सरांची वाटीही मीच भरून दिली, त्याचं दुःख जन्मभर राहील. प्रथम मळमळ, नंतर उलट्या, तीन. मग बेंबीभोवती कळ. त्यानंतर जुलाब, चार, पाण्यासारखे. रक्त नाही, आव नाही, ताप नाही.”

“जुलाबांना कुठे गेलात?”

“बोळाच्या टोकाला. पुरुषांच्या स्वच्छतागृहात. चारही वेळा. आणखी काय विचारणार तू? हात धुतले का? धुतले.” मग आवाज उतरवून म्हणाले, की धाकटीचं वाईट वाटतं. हंगामी माणसाला मेळाव्यात चमकायची हौस नसावी. तरी निष्काळजीपणावर निभावेल असं मी कुलसचिवांना सांगून पाहीन.

ताईनं मान डोलावली. इतका व्यवस्थित रोगी तिला उभ्या नोकरीत भेटला नव्हता.

बाहेर येऊन ती इन्स्पेक्टरला म्हणाली, की कस्टर्ड नासलेलं नव्हतं. नासलेलं अन्न पोटात जाऊन आधी बैठक मारतं, मग उठतं, आणि कुणाला छळतं, कुणाला सोडून देतं. हे भाषण संपायच्या आत उठलं आणि त्यानं कुणालाच सोडलं नाही. कुणीतरी काहीतरी घातलंय.

पातेल्याच्या तळाशी उरलेलं कस्टर्ड तपासायला गेलं. उत्तर आलं: प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी ठेवतात ते ओकवणारं औषध. विभागाच्या कपाटातलं. कपाटाला कुलूप होतं, आणि कुलपाची किल्ली शेजारच्या खिळ्याला. कस्टर्डचं पातेलं सकाळपासून बोळातल्या फ्रिजमध्ये. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यावरचं झाकण उचलून बोट बुडवून गेला होता, असं म्हणतात.

आता मजा पाहा. बहिणीला वाचवायला ताईनं ज्याला नासकेपणा म्हणत होते त्याला विष ठरवलं. आणि विष म्हटल्याबरोबर कुलसचिवांनी विचारलं, मग पातेलं कुणाचं? निष्काळजी बाई एका वाक्यात खुनी झाली. विभागातल्या लोकांना कारणही लगेच आठवलं. इतकी वर्षं सरांनी तिला हंगामी ठेवलं, मग सूड नको का? त्या दुपारी तिच्या टेबलावरचा चहाचा कपही कुणी उचलेना, शिपाई चिमट्यानं घेऊन गेला.

धाकटी पोलीस चौकीच्या बाकावर बसली होती. ताई शेजारी बसली.

“तू मला सोडवायला आलीस की पुरायला?” धाकटीनं विचारलं.

“खरं होतं ते सांगितलं.”

“नासकं म्हणाली असतीस तर दंड झाला असता. मुलाखत हुकली असती, जीव राहिला असता. तुला शहाणपणा दाखवायचा होता, ताई. सरांसमोर नाही जमला तो. ते मेल्यावर दाखवलास.”

धाकटीच्या पदराला कस्टर्डचा वास येत होता. कालपासून तिला घरी जाऊन बदलूही दिलं नव्हतं.

इन्स्पेक्टरच्या डोळ्यांसमोर दुसरंही एक माणूस होतं. परदेशी. त्यानं कस्टर्डला हात लावला नव्हता. अंत्ययात्रा निघणार होती ती त्याच्या निबंधाची. आणि सगळे ओकत असताना तो कुठे होता, हे तो सांगेना. ‘व्यक्तिगत बाब आहे’ एवढंच म्हणायचा, तेही तिकडच्या उच्चारात.

ताई त्याच्या अतिथिगृहात गेली.

“कुठे होतास?”

“व्यक्तिगत बाब आहे.”

“ठीक. मग इन्स्पेक्टर तुझं पारपत्र ठेवून घेतील. तिकडे तुझ्या विद्यापीठाला कारण कळवावं लागेल. खुनाचा संशय असं कळवतील.”

तो खिडकीशी गेला, परत आला. ओळखपत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, “स्वच्छतागृहात. बोळाच्या टोकाच्या.”

“का?”

“भाषणाची तयारी करत होतो.”

“कसलं भाषण?”

“संचालक झाल्याचं. सर माझंच नाव घेणार याची खात्री होती. तिथे मोठा आरसा आहे.”

सगळे जेवत असताना हा आत शिरला होता, बाहेरच्या दाराची कडी लावून आरशासमोर नम्रपणे मान झुकवायचा सराव करत होता. मेळाव्यात गोड वाढायची वेळ त्यानं त्यासाठीच निवडली, त्या वेळी कुणी उठत नाही म्हणून. रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आल्यावर ती कडी तशीच ठेवून आतल्याच मागच्या दारानं, सफाईवाल्यांच्या जिन्यानं उतरला.

“मध्ये कुणी दार वाजवलं?”

“एकदाच.”

“नक्की? पुन:पुन्हा नाही?”

“एकदाच. धडका दिल्या कुणीतरी. मग घसरल्यासारखा आवाज.”

“उघडलं नाहीस?”

“शेवटचा परिच्छेद जमत नव्हता.”

ताईनं वसतिगृहाच्या साथीबद्दल विचारलं. नमुने कुणी आणले? तक्त्यानं, तो म्हणाला. बाटल्या भरून आणून दिल्या. आजारी पोरं तू पाहिलीस? नाही, माझं काम प्रयोगशाळेतलं. सगळ्या बाटल्यांत काय सापडलं? इथे तो खुलला. इतके रोगी आणि प्रत्येक बाटलीत तोच जंतू, त्याच वाणाचा, केसाइतकाही फरक नाही. असा शुद्ध निकाल जगात कुणाला मिळाला नव्हता, म्हणाला.

ताईनं त्याला संध्याकाळी विभागात यायला सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सगळे जमले. नामांकित मंडळी पोरांच्या बाकांवर बसली. गुडघे मावत नव्हते. कुलसचिव पुढे, धाकटी इन्स्पेक्टरशेजारी. तक्तेसर काठी टेकत आले आणि अशक्तपणानं पहिल्या बाकावर बसले. ताई फळ्याजवळ उभी राहिली. त्या फळ्यासमोर बोलायची संधी तिला कधी मिळाली नव्हती.

“आजारी पडलेल्या प्रत्येकाला मी विचारलं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी उलट्या-जुलाब सांगितले. खोदून विचारलं तर जुलाब कुणालाच झाले नव्हते. कारण त्या औषधानं जुलाब होतच नाहीत. माणूस ओकतो, तेवढंच. फक्त एकाला जुलाब झाले.”

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आपल्याला नाही, असं प्रत्येकाचा चेहरा सांगू लागला. जुलाब न झाल्याचा इतका अभिमान मी कुठे ऐकला नाही.

“तक्तेसर,” ताई म्हणाली. “चार वेळा. पाण्यासारखे.”

“शरीर प्रत्येकाचं वेगळं असतं,” तक्तेसर म्हणाले. “दुसऱ्या वर्षात शिकवतो मी हे. याच वर्गात.”

“कुठे गेला होतात?”

“सांगितलंय. बोळाच्या टोकाला.”

ताईनं परदेशीकडे पाहिलं. “तू सांगतोस, की मी सांगू?”

त्यानं सांगितलं. आरसा, कडी, भाषण. बाकांवरून हसू फुटलं, किडेवाला तर बाकावर हात आपटून हसला. ताईनं ते संपू दिलं. मग म्हणाली, “दार एकदाच वाजलं. ज्यानं वाजवलं तो पुन्हा वाजवायला उरला नाही. थोरले सर तिथेच सापडले. तुला भाषणाचा शेवट जमत नव्हता तेव्हा ते तुझ्या दारावर मरत होते.”

हे बोलायची गरज नव्हती. तिला तपासासाठी दार बंद होतं एवढंच हवं होतं. पण बोलली. परदेशी खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

“म्हणजे त्या दुपारी त्या स्वच्छतागृहात दुसरं कुणी पाय ठेवला नाही,” ताई पुढे म्हणाली. “तक्तेसर, तुम्ही आजारी नव्हतात. हे नासक्या अन्नाचंच दुखणं आहे असं सगळ्यांना वाटायला हवं होतं, म्हणून पुस्तकातला आजार जसाच्या तसा सांगितलात. खऱ्या रोग्याला उलट्या मोजायला डोकं जागेवर नसतं. तो खोटं बोलतो, विसरतो, लाजतो. किडेवाल्यानं कस्टर्ड लपवलं, याला म्हणतात रोगी. तुम्हाला ते ठाऊक नाही, कारण तुम्ही आजवर एकाही आजारी माणसाला काही विचारलेलं नाही.”

“वसतिगृहात मी—”

“वसतिगृहात साथ आलीच नव्हती. गेल्या आठवड्यात सरांनी मला फोन करून विचारलं होतं. आमच्या खात्यात कुणालाच ती आठवत नाही. सर त्याच साथीची अंत्ययात्रा काढणार होते. तुमच्या तक्त्यात प्रत्येकाला उलट्या, प्रत्येकाला जुलाब. एकाही पोराला नुसतंच एक झालं नाही. ती आडवी रेघ तुम्ही तशीच तक्त्यात उतरवलीत. आणि प्रत्येक बाटलीत तोच जंतू, केसाचाही फरक नाही.” ती परदेशीकडे वळली. “फरक कसा असेल? सगळ्या बाटल्या एकाच पोटातून आल्या होत्या. यांच्या, तक्तेसरांच्या. त्या एका पोटावर तुम्ही दोघं प्राध्यापक झालात.”

या वेळी कुणी हसलं नाही. अर्ध्या वर्गानं आपापल्या संशोधनात त्या निबंधाचा आधार घेतला होता. कोण कुठे कुठे सापडणार, याचा हिशोब प्रत्येकाच्या तोंडावर उमटत होता.

तक्तेसर शांत होते. “तर्क छान आहे,” ते म्हणाले. “हंगामी बहिणीसाठी चांगली मेहनत घेतलीस. पण साथरोगशास्त्रात तर्काला पुरावा लागतो.”

“लागतो,” ताई म्हणाली. “सकाळी बाकी सगळ्यांचं रक्त घेतलं. प्रत्येकाच्या रक्तात ते औषध निघालं. तुमचं राहिलंय.”

दवाखान्याची परिचारिका सुई घेऊन पुढे आली. तक्तेसरांनी उजव्या हाताची बाही वर केली. कोपरापर्यंत नीट घड्या घातल्या, एकावर एक, सारख्या रुंदीच्या. स्वतःच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग एक एक घडी उलगडत बाही खाली आणली आणि मनगटाचं बटण लावलं.

“सरांनी मला एकांतात विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “मी राजीनामा दिला असता. पण त्यांना सभा हवी होती.”

“माझं हसं केलं तेव्हाही सभा होती,” ताई म्हणाली.

“आणि मी हसलो होतो. आठवतंय मला.” ते उठले. काठी बाकाला टेकलेली तशीच राहिली. ती लागत नव्हतीच. धाकटीसमोरून जाताना थांबले. “तुमचं पातेलं मुद्दाम निवडलं नाही. फ्रिजमध्ये झाकण असलेलं दुसरं काही नव्हतं.”

इन्स्पेक्टर त्यांना घेऊन गेला. कुलसचिव घाईघाईनं उठून धाकटीपाशी आले आणि तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून तुमच्याबद्दल खात्री होती.

आणि मग काय सांगू तुम्हाला. पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली. निवड समितीतले सगळे उभे राहिले, धाकटी आत आली तेव्हा. एकच प्रश्न विचारला, केव्हा रुजू होता? तिथल्या तिथे कायमचं पत्र दिलं. तक्तेसरांची खोली, तीच खिडकी, दारावर नावाची पितळी पाटी. ताईला तिनं पहिल्या पगारातून—

“खोटं बोलताय, काका.”

ऐकणाऱ्यांतली, मागच्या खुर्चीवरची एक बाई होती. इतका वेळ पर्स मांडीवर घेऊन ऐकत होती.

म्हटलं, कशावरून?

“मुलाखतीला ती धाकटी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. समितीसाठी चहा आला. शिपाई नव्हता, म्हणून तिनं उठून ट्रे आत नेला. एकानंही कप उचलला नाही. ती तशीच भरलेला ट्रे घेऊन बाहेर आली, आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.” बाईनं पर्सची चेन ओढून बंद केली. “ती जागा मला मिळाली.”